इंग्रजी वाक्याचा कर्ता : सर्वनामाची निवड

इंग्रजी वाक्यात कर्त्याच्या जागी पुरुषवाचक सर्वनाम आले, तर ते ‘आय’, ‘यू’, ‘ही’, ‘शी’, ‘इट’, ‘वुई’, ‘दे’ यांपैकीच असते. कर्माच्या जागी ‘मी’, ‘हिम’, ‘हर’, ‘अस’, ‘देम’ येतात. ‘यू’ व ‘इट’ दोन्हीकडे तसेच राहतात. (हा ‘मी’ उच्चाराने मराठी ‘मी’सारखा असला, तरी तो कर्ता नव्हे.) जुन्या इंग्रजीत नामांनाही विभक्तिप्रत्यय लागत. पुढे ते झिजले आणि कर्ता-कर्माचा रूपभेद सर्वनामांपुरता उरला. ‘यू’ मूळचे कर्मरूपच. कर्त्यासाठी ‘यी’ होते. ‘दे’ नॉर्स भाषेतून आले.

कर्ता जोडीने आला की निवड चुकते. ‘माय ब्रदर अँड आय वेंट होम’ हे प्रमाण रूप. ‘मी अँड माय ब्रदर वेंट’ बोलण्यात सर्रास, पण औपचारिक लेखनात टाळावे. भावाला वाक्यातून वगळून पाहावे : ‘मी वेंट’ कोणी म्हणत नाही. ही चूक टाळण्याच्या धास्तीने ‘बिट्वीन यू अँड आय’ असे लिहिले जाते. तेही प्रमाण नव्हे, कारण ‘बिट्वीन’नंतर कर्मरूप लागते.

‘इट इज आय’ की ‘इट्स मी’ हा वाद जुना आहे. रॉबर्ट लाउथ यांच्या १७६२च्या व्याकरणाने पहिल्या रूपाचा आग्रह धरला; लॅटिनमध्ये तसेच चालते. आजच्या बोलण्यात दुसरेच स्वाभाविक आहे, आणि त्याला चूक म्हणणे अन्यायाचे आहे. लिंग माहीत नसलेल्या एका व्यक्तीसाठी ‘दे’ वापरण्याची रीतही चौदाव्या शतकापासूनची आहे. क्रियापद तेव्हाही अनेकवचनी, ‘दे आर’.

मराठी भाषकाची खरी अडचण मात्र निराळी आहे. ‘त्याने पत्र लिहिले’, ‘त्याला भूक लागली’, ‘तो हसला’ या तिन्ही ठिकाणी इंग्रजीत ‘ही’च येतो. ‘उद्या येईन’ एवढे मराठीत पुरते, कारण पुरुष क्रियापदातून कळतो; इंग्रजीत ‘आय’ गाळता येत नाही. ‘पाऊस पडतोय’ म्हणताना तर कर्त्याची रिकामी जागा भरायला ‘इट’ घ्यावे लागते : ‘इट इज रेनिंग’. खुर्ची मराठीत ‘ती’ असली, तरी इंग्रजीत ‘इट’. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ दोघांना एकच ‘वुई’. गुरुजींविषयी आदराने ‘ते आले’ म्हणतो, पण इंग्रजीत ‘ही केम’ म्हणण्यात अनादर नाही. ‘दे केम’ म्हटले तर ऐकणाऱ्याला अनेक माणसे आली असे वाटेल. मराठी मुलांना इंग्रजी शिकवताना सर्वनामांचा तक्ता पाठ करून घेण्याआधी अशी वाक्ये त्यांच्याकडून करून घ्यावीत.