फिरतीवरचा कादंबरीकार

अँथनी ट्रॉलप याचें नांव इंग्रजी कादंबरीच्या इतिहासांत डिकन्स व थॅकरे यांच्या मागोमाग येतें. पण हा गृहस्थ तेहतीस वर्षें डाकखात्याचा नोकर होता, ही गोष्ट त्याच्या कादंबऱ्या आवडीनें वाचणाऱ्यांसहि पुष्कळदां ठाऊक नसते. १८३४ सालीं तो लंडनच्या कचेरींत कारकून म्हणून शिरला, १८४१ त आयर्लंडांत बदलून गेला, आणि तेथून १८६७ त राजीनामा देईपर्यंत त्याच्या नशिबीं बहुतकरून फिरतीच आली. फिरतीची नोकरी म्हणजे काय, हें ज्यांच्या घरांत महसूल किंवा शिक्षण खात्यांतील अंमलदार होऊन गेला असेल त्यांस सांगावयास नको. अर्धा दिवस वाटेंत जातो आणि उरलेला अर्धा वाटेचा शीण घालविण्यांत.

१८५१ पासून सुमारें दोन वर्षें त्यास इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागांत खेडोपाडीं टपाल पोंचविण्याची व्यवस्था लावावयाची होती. टपालवाल्यानें दिवसाकाठीं सोळा मैलांहून अधिक चालूं नये असा नियम असे. त्या बेतानें वाटा आंखीत ट्रॉलप घोड्यावरून गांवोगांव हिंडला. जर्सी बेटांत १८५२ सालीं रस्त्यावर पत्रपेट्या उभ्या राहिल्या त्या त्याच्याच शिफारशीनें. घोड्यावर बसून मनांत कथानक जुळवितां येतें, लिहितां मात्र येत नाहीं. पुढें प्रवास आगगाडीनें होऊं लागला, तेव्हां दिवसाचे कित्येक तास आपण डब्यांत नुसते बसून काढतों हें त्याच्या ध्यानांत आलें. प्रवासांत वाचूंहि नये, स्वस्थ बसून आपल्या विचारांची वर्गवारी लावावी, असा उपदेश कार्लाइलनें त्यास पुढें केला. तत्त्ववेत्त्यास तो शोभतो. फिरत्या नोकरदारास परवडत नाहीं.

ट्रॉलपनें मांडीवर ठेवण्याजोगी एक लहानशी लिहिण्याची पाटी करून घेतली. शाईची दौत हलत्या डब्यांत उपयोगाची नाहीं, म्हणून हातांत शिसपेन्सिल धरली. चार दिवसांच्या सरावानें टेबलाशीं बसून जितकें भराभर लिहितां येई तितकेंच गाडींतहि येऊं लागलें. ‘बार्चेस्टर टॉवर्स’ ही १८५७ सालीं निघालेली कादंबरी बव्हंशीं अशीच लिहिली गेली. (आमच्या दप्तरांतील जुन्या कारकुनास या पाटीची मोठी गंमत वाटली असती. गुडघा उभा करून त्यावर कागद घेतला कीं त्याची कचेरी मांडली जाई, आणि हात शक्य तों न उचलतां मोडी अक्षर पळविण्यांत त्याची हयात गेलेली असे. खुर्चीशिवाय ज्याचें चालत नाहीं, त्यालाच पाटी लागते.) त्याची खरी अडचण निराळीच होती. समोर बसलेल्या चारपांच उतारूंदेखत आपण ग्रंथकार असल्याचें प्रदर्शन मांडावें याची त्यास लाज वाटे. ती सवयीनें गेली. पेन्सिलीनें लिहिलेला मजकूर पुढें त्याची पत्नी रोझ शाईनें उतरून काढी. पाटीची कथा सांगणारे पुष्कळ आहेत; या बाईंच्या श्रमांची नोंद ते एका वाक्यांत उरकतात, हें आम्हांस बरोबर वाटत नाहीं.

पाटीहून महत्त्वाचीं साधनें आणखी दोन होतीं, घड्याळ आणि रोजनिशी. अडीचशें शब्दांचें एक पान धरून दिवसाचीं पानें तो रोजनिशींत टिपून ठेवी. आठवड्याचीं सरासरी चाळीस. पुढें तर घड्याळ समोर ठेवून दर पंधरा मिनिटांस अडीचशें शब्द त्यानें स्वतःकडून वसूल केले. सरकारी डाक वेळेवर पोंचते कीं नाहीं हें पाहणाऱ्या माणसानें आपल्या प्रतिभेवरहि तोच पहारा बसविला होता.

१८५८ च्या आरंभीं तो ईजिप्तला गेला, तें काम आमच्या देशाशीं निगडित होतें. हिंदुस्थानचें टपाल अलेक्झांड्रियाहून सुएझपर्यंत रेल्वेनें नेण्याचा करार ठरवावयाचा होता. सुएझचा कालवा व्हावयास अजून अकरा वर्षें अवकाश होता. नुबार बे अठ्ठेचाळीस तास मागत होता, ट्रॉलप चोवीसावर अडून बसला, आणि अखेर चोवीसच ठरले. मुंबईच्या धक्क्यावर विलायतच्या पत्राची वाट पाहणाऱ्यांचा एक दिवस अशा रीतीनें वांचला. त्याच सफरींत ‘डॉक्टर थॉर्न’ चालू होती. समुद्र खवळलेला, लिहितां लिहितां कागद टेबलावर तसेच टाकून ओकारी काढण्यास धांवावें लागे, आणि परत येऊन पुन्हा लेखन. ईजिप्तमध्यें ती कादंबरी ज्या दिवशीं संपली, त्याच्या दुसऱ्या दिवशीं त्यानें ‘दि बर्ट्राम्स’ला हात घातला.

१८८२ त तो वारला आणि पुढल्या वर्षीं त्याचें आत्मचरित्र निघालें. त्यांत घड्याळाचा व पानांचा हा सारा जमाखर्च त्यानें उघड मांडला होता, लेखकाची तुलना चांभाराशीं केली होती. रसिकांस तें रुचलें नाहीं आणि त्याच्या कीर्तीस त्यामुळें बराच धक्का बसला. आमच्या मतें रसिकांचा राग चुकीच्या जागीं होता. ट्रॉलपनें सरकारचें काम मुक्कामीं चोख केलें, आणि वाटेंतला वेळ, ज्यावर कोणाचाच हक्क सांगितला जात नव्हता, तो स्वतःसाठीं घेतला. त्या काळीं तार स्टेशनांत येई, डब्यांत येत नसे. आज डेक्कन क्वीनमध्यें मांडीवर लॅपटॉप उघडून बसलेला नोकरदार ट्रॉलपच्या पाटीचाच वारस दिसतो खरा. परंतु त्याचीं बोटें चालतात तीं बहुधा कचेरीच्याच कामासाठीं, आणि मध्येंच साहेबांचा फोनहि येतो. साधन शतपटीनें सुधारलें, आणि तो मोकळा तास मात्र धन्याच्या खात्यांत जमा झाला.

नोकरी सोडल्यावरहि ट्रॉलपची संवय सुटली नाहीं. १८७१ सालीं मुलास भेटण्यासाठीं ‘ग्रेट ब्रिटन’ या आगबोटीनें तो ऑस्ट्रेलियास निघाला, तेव्हां त्याच्यासाठीं खोलींत एक मेज बसविण्यांत आलें. आठ आठवड्यांच्या त्या प्रवासांत, दर आठवड्यास सहासष्ट पानें या हिशेबानें, ‘लेडी ॲना’ ही कादंबरी पुरी झाली. रोझबाई याहि खेपेस बरोबर होत्या.