कापूस आपला, कपडा कोणाचा?
जागतिक व्यापाराचे बदलते नियम आणि मराठवाड्यापासून आफ्रिकेपर्यंतची कापड उद्योगाची कोंडी

प्रतिनिधी, छत्रपती संभाजीनगर

मराठवाड्यातील कोरडवाहू शेतकऱ्याचे वर्षाचे गणित कापसावर बेतलेले असते. हा कापूस जिनिंगमध्ये जातो, सरकी वेगळी होते, १७० किलोच्या गाठी बांधल्या जातात आणि त्यातील मोठा भाग जिल्ह्याबाहेर, राज्याबाहेर वा देशाबाहेर जातो. पुढे त्याच कापसाचा शर्ट शहरातील दुकानात परत येतो, तेव्हा त्याच्या गळपट्टीवर कधी तिरुपूरचे, कधी ढाक्याचे नाव असते. या प्रवासात पैसा कोठे राहतो आणि रोजगार कोठे निर्माण होतो, हे केवळ बाजार ठरवत नाही. ते व्यापाराचे नियम ठरवतात. हे नियम गेल्या तीन दशकांत अनेकदा बदलले. प्रत्येक बदलाने कोठे तरी कारखाने उभे राहिले आणि कोठे तरी बंद पडले.

हिमरूचे शहर

औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, कापडासाठी नवखे नाही. सुती ताण्यावर रेशमी बाणा घालून विणला जाणारा हिमरू येथील ओळख होता. निजामाच्या राज्यात शेरवानी आणि शालींसाठी त्याला आश्रय मिळाला. १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान विलीन झाल्यावर दरबारी गिऱ्हाईक ओसरले आणि यंत्रावर विणलेल्या स्वस्त नकलांनी उरलेला बाजार व्यापला.

यांत्रिक उद्योगाची सुरुवातही येथे लवकर झाली होती. १८८९ मध्ये शहरात कापूस कातण्याची व विणण्याची गिरणी उभी राहिली आणि तीत सुमारे ७०० कामगार होते. १९०० मध्ये हैदराबाद-गोदावरी खोरे रेल्वे सुरू झाल्यावर जालना परिसरात जिनिंग आणि प्रेसिंगचे कारखाने निघाले. मात्र रेल्वेने कापूस मुंबईकडे नेणे जितके सोपे केले, तितके येथे कापड विणणे सोपे केले नाही. पुढे वाळूज आणि चिकलठाण्यात उद्योग वाढला तो मुख्यतः वाहने, औषधे आणि यंत्रभागांचा. कापसाच्या प्रांताची राजधानी कापडाची राजधानी झाली नाही.

कोट्याची चाळीस वर्षे

दुसऱ्या महायुद्धानंतर जपान, हाँगकाँग, भारत अशा देशांचे स्वस्त कापड पाश्चात्त्य बाजारात शिरू लागले तेव्हा श्रीमंत देशांनी आपल्या गिरण्यांच्या रक्षणासाठी आयातीवर मर्यादा घातल्या. १९६१ आणि १९६२ मधील करार सुती कापडापुरते होते. १९७४ मध्ये ‘मल्टी फायबर अरेंजमेंट’ लागू झाली आणि लोकरी व कृत्रिम धाग्यांचे कापडही तिच्या कक्षेत आले. कोणत्या देशाने कोणत्या प्रकारचे किती नग पाठवावेत, याचा कोटा दरवर्षी ठरू लागला.

हा कोटा भारतासारख्या देशाला जाचक होता, पण त्याची दुसरीही बाजू होती. एका देशाचा कोटा संपला की खरेदीदाराला उरलेल्या मागणीसाठी दुसरा देश शोधावा लागे. हाँगकाँग, तैवान व दक्षिण कोरियातील कारखानदारांनी म्हणूनच बांगलादेश, मॉरिशस, लेसोथो अशा रिकामा कोटा असलेल्या देशांत शिवणयंत्रे नेली. या देशांत कापूस, सूत, बंदर यांपैकी काही नसले तरी चालत असे.

१ जानेवारी १९९५ रोजी जागतिक व्यापार संघटना अस्तित्वात आली आणि कोटा टप्प्याटप्प्याने मोडीत काढण्याचे ठरले. १९९५ मध्ये १६ टक्के, १९९८ मध्ये १७ टक्के, २००२ मध्ये १८ टक्के माल कोटामुक्त झाला. उरलेला ४९ टक्के माल, ज्यात सर्वाधिक मागणीचे तयार कपडे होते, तो १ जानेवारी २००५ रोजी एकाच दिवशी खुला झाला. दहा वर्षांची मुदत होती, पण खरा आघात अखेरच्या दिवसासाठी राखून ठेवला गेला.

चीनची निर्यात त्या वर्षी इतक्या वेगाने वाढली की युरोपीय संघाने जून २००५ मध्ये आणि अमेरिकेने नोव्हेंबर २००५ मध्ये चीनशी करार करून पुन्हा तात्पुरत्या मर्यादा घातल्या. या मर्यादा अनुक्रमे २००७ आणि २००८ अखेर संपल्या. त्यानंतर स्पर्धा उघड्या मैदानात सुरू झाली.

आफ्रिकेचा धडा

या बदलाचा सर्वांत मोठा फटका आफ्रिकेतील शिवण उद्योगाला बसला. मे २००० मध्ये अमेरिकेने ‘आगोआ’ कायदा करून सहाराच्या दक्षिणेकडील पात्र देशांच्या मालाला शुल्कमुक्त प्रवेश दिला. गरीब देशांना त्यात एक विशेष सवलत होती, ती म्हणजे कापड कोणत्याही देशातून आणावे, फक्त शिवण आफ्रिकेत व्हावी. त्यामुळे चीन-तैवानचे कापड लेसोथो, केनिया, मादागास्कर येथे शिवून अमेरिकेला जाऊ लागले. सुमारे २३ लाख लोकसंख्येच्या लेसोथोत जीन्स शिवणारे कारखाने सर्वांत मोठे खासगी रोजगारदाते ठरले. त्यांतील बहुसंख्य कामगार स्त्रिया होत्या.

पण हा पाया उसना होता. कोटा संपताच लेसोथोतील काही तैवानी मालकांनी कारखान्यांना टाळे लावले. मादागास्करमध्ये २००९ मध्ये सत्तापालट झाला आणि पुढील वर्षापासून त्याची सवलत गेली. ती २०१४ मध्ये परत मिळाली. इथिओपियाने हवासा येथे मोठे वस्त्रोद्योग उद्यान उभारले, परंतु यादवी संघर्षामुळे जानेवारी २०२२ पासून अमेरिकेने त्या देशाला यादीतून वगळले. नायजेरियातील कडुना हे एकेकाळी गिरण्यांचे शहर. तेथील मोठी गिरणी २००७ मध्ये बंद पडली. अनियमित वीज, जुनी यंत्रे आणि चोरट्या मार्गाने येणारे स्वस्त आशियाई कापड यांचा एकत्रित भार तिला सोसला नाही.

पूर्व आफ्रिकेत आणखी एक स्पर्धक आहे, तो म्हणजे पाश्चात्त्य देशांतून गठ्ठ्यांनी येणारे वापरलेले कपडे. तेथे त्यांना ‘मितुम्बा’ म्हणतात. २०१६ मध्ये पूर्व आफ्रिकी देशांनी ही आयात टप्प्याटप्प्याने थांबवण्याचे ठरवले. अमेरिकेच्या दबावाखाली इतर देशांनी माघार घेतली. रवांडा ठाम राहिला आणि जुलै २०१८ मध्ये त्याच्या कपड्यांची शुल्कमुक्त सवलत स्थगित झाली. आपला बाजार आपल्या कारागिरांसाठी राखण्याची किंमत त्याला निर्यातीच्या बाजारात मोजावी लागली.

एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेने लेसोथोवर ५० टक्के शुल्क जाहीर केले. ऑगस्टमध्ये ते १५ टक्क्यांवर आणले गेले, पण मधल्या अनिश्चिततेत मागण्या रद्द झाल्या. बेरोजगारीच्या कारणावरून त्या देशाने जुलैमध्ये राष्ट्रीय आपत्ती जाहीर केली. ‘आगोआ’ची मुदत ३० सप्टेंबर २०२५ रोजी संपली, तेव्हा मुदतवाढ मंजूर झालेली नव्हती. दुसऱ्याने दिलेल्या सवलतीवर उभा राहिलेला उद्योग त्याच्या एका सहीने डळमळतो, हा या साऱ्याचा अर्थ.

इतिहासातील एक उलटी बाजूही येथे नोंदवायला हवी. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झांझिबार व पूर्व आफ्रिकेच्या बाजारातून अमेरिकी जाडेभरडे कापड हुसकावले ते मुंबईच्या गिरण्यांनी. त्या काळी ‘आशियाई स्पर्धा’ म्हणजे आपणच होतो. १९३० च्या दशकात जपानी कापडाने याच गिरण्यांना घेरले आणि १९३३ मध्ये त्यावरील शुल्क ७५ टक्क्यांपर्यंत न्यावे लागले.

शेजारच्या देशाची आघाडी

महाराष्ट्राच्या दृष्टीने सर्वांत जवळचा स्पर्धक बांगलादेश आहे. तेथे कापूस नगण्य पिकतो. तरीही त्याची तयार कपड्यांची निर्यात आज भारताच्या दुपटीहून अधिक आहे. स्वस्त मजुरी हे त्याचे एक कारण. दुसरे आणि कमी चर्चिले जाणारे कारण नियमांत आहे.

अल्पविकसित देश म्हणून बांगलादेशाला २००१ पासून युरोपीय संघात शुल्कमुक्त प्रवेश मिळाला. भारतीय कपड्यांवर मात्र तेथे साधारणतः ९.६ टक्के शुल्क पडत आले. ज्या धंद्यात नफा दोन-चार टक्क्यांचा, तेथे हा फरक निर्णायक ठरतो. १ जानेवारी २०११ पासून युरोपने ‘मूळ देशा’चा नियमही सैल केला. तोवर बांगलादेशाला सवलतीसाठी कापडही स्वतः विणणे आवश्यक होते. नव्या नियमाने आयात केलेल्या कापडावर केवळ शिवण केली तरी सवलत मिळू लागली. त्याच वर्षी दक्षिण आशियाई मुक्त व्यापार कराराखाली भारतानेही बांगलादेशी कपड्यांवरील शुल्क काढले. भारतातून सूत ढाक्याला आणि तेथून शर्ट भारताला, असा उलटसुलट प्रवाह सुरू झाला.

या यशाची काळी बाजू २४ एप्रिल २०१३ रोजी जगाला दिसली. ढाक्याजवळील राणा प्लाझा ही इमारत कोसळून ११०० हून अधिक कामगार मृत्युमुखी पडले.

संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने नोव्हेंबर २०२१ मध्ये बांगलादेशाला अल्पविकसित देशांच्या यादीतून बाहेर काढण्यासाठी पाच वर्षांची पूर्वतयारीची मुदत ठरवली. ही यादी सुटली की सवलतीही क्रमाने सुटतात. दरम्यान दोन्ही देशांचे संबंध बिघडले. एप्रिल २०२५ मध्ये बांगलादेशाने भूमार्गे येणारे भारतीय सूत थांबवले. मे महिन्यात भारताने बांगलादेशी कपड्यांना केवळ न्हावाशेवा आणि कोलकाता बंदरांतून येण्याची अट घातली.

यंत्रमागाचे दुखणे

महाराष्ट्राचा कापड उद्योग मुंबईच्या गिरण्यांवर उभा होता. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले आणि त्यानंतर गिरणगाव पूर्वीसारखे झाले नाही. विणकाम भिवंडी, मालेगाव आणि इचलकरंजीच्या यंत्रमागांकडे गेले. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ मध्ये विठ्ठलराव दातार यांनी आणला होता. आज देशातील सर्वाधिक यंत्रमाग महाराष्ट्रात आहेत.

मात्र यातील असंख्य माग साधे, जुन्या पद्धतीचे आहेत. अनेक मालक ‘खर्चीवाले’ आहेत, म्हणजे व्यापाऱ्याच्या सुतावर ठरलेल्या मजुरीने कापड विणून देणारे. सूत महागले तर काम थांबते, कापड स्वस्त झाले तर मजुरी कापली जाते. यंत्रे बदलण्यासाठी केंद्राने १ एप्रिल १९९९ पासून तंत्रज्ञान उन्नयन निधी योजना आणली, पण बँकेचे कर्ज उचलण्याची ऐपत असलेल्यांनाच तिचा खरा लाभ झाला. शिवाय बराच काळ धोरणच आडवे आले होते. तयार कपडे लघुउद्योगांसाठी राखीव होते. २००० च्या राष्ट्रीय वस्त्र धोरणाने हे आरक्षण उठवण्याचे ठरवले, तोवर चीनमध्ये एका छपराखाली हजारो शिवणयंत्रे चालवणारे कारखाने उभे राहिले होते.

शेतकरी की गिरणी?

व्यापाराच्या नियमांचा सर्वांत अवघड प्रश्न घरातलाच आहे. कापूस स्वस्त असावा ही गिरणीची गरज, तो महाग विकला जावा ही शेतकऱ्याची. मार्च २०१२ मध्ये केंद्राने कापूस निर्यातीवर अचानक बंदी घातली, तेव्हा उत्पादक संतापले आणि आठवडाभरात निर्णय फिरवावा लागला. २०२१ मध्ये आयात कापसावर ११ टक्के शुल्क आले, तेव्हा गिरण्यांनी तक्रार केली.

२७ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेने भारतीय मालावरील शुल्क ५० टक्क्यांवर नेले. त्या वेळी बांगलादेश व व्हिएतनामवर ते २० टक्के होते. निर्यातदारांना दिलासा म्हणून केंद्राने १९ ऑगस्टपासून कापसावरील आयात शुल्क माफ केले आणि ही माफी ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढवली. नेमका हाच काळ मराठवाड्यात वेचणीचा आणि विक्रीचा. लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. परंतु ओलावा, प्रत आणि खरेदी केंद्रांवरील रांगा यांमुळे हमीभाव आणि हाती आलेला भाव यांत अंतर राहते. अमेरिकेतील शुल्काचा निर्णय पैठण-सिल्लोडच्या बाजारात असा उतरतो.

हिशेब सोपा आहे. एक क्विंटल कापसातून साधारण ३४ किलो रुई निघते आणि त्यातून शंभरावर शर्ट होऊ शकतात. शेतकऱ्याला मिळणारा भाव आणि त्या शर्टांची दुकानातील किंमत यांमधील सारा पैसा कातणे, विणणे, रंगवणे आणि शिवणे यांत वाटला जातो. ही कामे जेथे होतात, तेथे तो राहतो.

पुढे काय?

राज्याच्या २०२३-२८ च्या वस्त्रोद्योग धोरणात कापसावरील प्रक्रियेचे प्रमाण ३० टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट आहे. अमरावतीजवळ नांदगाव पेठ येथील पीएम मित्र उद्यानाची पायाभरणी २० सप्टेंबर २०२४ रोजी झाली. जुलै २०२५ मध्ये ब्रिटनशी मुक्त व्यापार करार झाला. त्यात भारतीय कपड्यांवरील शुल्क शून्यावर आणण्याची तरतूद आहे. जानेवारी २०२६ मध्ये युरोपीय संघाशी वाटाघाटी पूर्ण झाल्याची घोषणा झाली. म्हणजे ज्या फरकावर ढाक्याने बाजी मारली, तो मिटण्याची शक्यता निर्माण झाली आहे.

पण सवलत म्हणजे उद्योग नव्हे, हे आफ्रिकेने दाखवून दिले आहे. लेसोथोकडे सवलत होती, कापूस नव्हता. माली, बुर्किना फासो, बेनिन व चाड यांच्याकडे कापूस आहे, पण तो बहुतांशी गाठींच्या रूपातच बाहेर जातो. मराठवाड्याकडे कापूस आहे, शेंद्रा-बिडकीनमध्ये जमीन आणि रस्ते आहेत, कामाच्या शोधात पुण्या-मुंबईकडे जाणारे हातही आहेत. उणीव आहे ती सुतापासून शिवणीपर्यंतच्या मधल्या दुव्यांची, विशेषतः पाणी जपून रंगाई करणाऱ्या प्रक्रिया उद्योगाची. दुष्काळी प्रदेशात ही अट टाळता येणारी नाही. नियम पुन्हा बदलतील. ते बदलतील तेव्हा येथून केवळ गाठी जात असतील की कपडेही, हे आताच्या काही वर्षांत ठरणार आहे.

दृष्टिक्षेपात
१९७४ : मल्टी फायबर अरेंजमेंट लागू
१९९५ : जागतिक व्यापार संघटनेची स्थापना, कोटा हटवण्यास प्रारंभ
२००० : अमेरिकेचा ‘आगोआ’ कायदा, भारताचे नवे वस्त्र धोरण
२००५ : कोटा पद्धतीचा शेवट
२०११ : युरोपकडून मूळ देशाचा नियम सैल, भारतातही बांगलादेशी कपडे शुल्कमुक्त
२०२५ : अमेरिकेचे वाढीव शुल्क, कापूस आयात शुल्कात माफी, ब्रिटनशी करार