शिलाई मशीनची दीडशे वर्षं आणि आपलं घर

सोसायटीची पंचवीस वर्षं म्हटलं की भूमिपूजन, पहिली कमिटी, पाण्याची टाकी, लिफ्ट, पार्किंगचे वाद हे सगळं आठवतं, आणि ते या स्मरणिकेत इतरांनी लिहिलं असेलच. पण दाराच्या आतलाही एक इतिहास असतो. आपल्या इमारतींतल्या कितीतरी घरांत माळ्यावर नाहीतर बाल्कनीच्या कोपऱ्यात कव्हर घातलेलं एक शिलाई मशीन आहे. काही घरांत त्यावर फुलदाणी आहे, काही घरांत मुलांच्या वह्या. हे मशीन आपल्या घरात आलं कसं आणि त्यानं काय काय केलं, ते थोडक्यात सांगायचं आहे.

मशीन येण्याआधी आपल्याकडे शिवायचं कामच बेताचं होतं. लुगडं, धोतर, उपरणं, पागोटं यांना सुई लागत नाही. शिवायचं ते चोळी, बंडी, अंगरखा आणि लहान मुलांचं झबलं, टोपडं, कुंची, दुपटं. पुरुषांचे कपडे शिंप्याकडे जायचे. बाळाचे कपडे आणि बऱ्याचदा खणाची चोळी घरीच हातानं शिवली जायची. शिंप्याचा धंदा आपल्याकडे जुना. संत नामदेव शिंपी समाजातले. शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात त्यांची पदं आहेत, आणि तिथे त्यांनी गज, कातर, सुई-दोरा ही आपल्या धंद्यातली हत्यारं भक्तीसाठी वापरली आहेत.

घरातली सगळ्यात मोठी शिवण म्हणजे गोधडी. जुनी नऊवारी लुगडी मऊ झाली की एकावर एक थर लावायचे आणि धावदोऱ्यानं टाके घालत जायचं. नेसून विरलेलं कापड पुन्हा पंधरा-वीस वर्षं अंगावर यायचं. त्याला कुणी ‘छंद’ म्हणत नसे. काही टाकायचं नाही, ही घराची रीतच होती.

आपल्या शिवणातले शब्दही ठिकठिकाणांहून आलेले आहेत. सुई आणि कातरी संस्कृतातून. अस्तर आणि रफू फारसीच्या वाटेनं. फीत आणि काज हे शब्द पोर्तुगीजांकडून आले. बटण घालायच्या भोकाला पोर्तुगीज भाषेत ‘काझा’ म्हणतात, म्हणजे घर. बटणाचं घर!

आता मशीनकडे वळू. बार्तेलेमी थिमोनिए या फ्रेंच शिंप्यानं १८३० साली शिवणयंत्राचं पेटंट घेतलं आणि सैनिकांचे गणवेश शिवायला यंत्रं लावली. आपला रोजगार जाणार या भीतीनं १८३१ मध्ये पॅरिसच्या शिंप्यांनी ती फोडून टाकली. त्यानंतर अमेरिकेत एलायस हाऊ यानं १८४६ मध्ये आणि आयझॅक सिंगर यानं १८५१ मध्ये पेटंट घेतलं. हाऊचं यंत्र मिनिटाला सुमारे २५० टाके घालत असे. हातानं शिवणारी पाच माणसंही त्याच्यापुढे मागे पडली.

यातली युक्ती कळली की मशीनची भीती जाते. हातसुईचं नाक मागे असतं, त्यामुळे सुई कापडातून आरपार काढावी लागते. मशीनच्या सुईचं नाक टोकाशी असतं. ती वरचा दोरा घेऊन खाली जाते आणि वर येताना दोऱ्याचा एक फास मागे सोडते. खालचं शटल त्या फासात बॉबिनचा दोरा अडकवतं. दोन्ही दोरे कापडाच्या मधोमध एकमेकांना धरून ठेवतात, म्हणूनच मशीनची टीप पक्की बसते. टीप सैल पडते किंवा खाली गुंता होतो, तेव्हा बहुतेक वेळा दोष मशीनचा नसतो. दोरा नीट ओवलेला नसतो किंवा त्याचा ताण चुकलेला असतो.

तरी मशीन महागच होतं. सिंगर कंपनीनं १८५६ मध्ये ते हप्त्यावर द्यायला सुरुवात केली आणि मग ते सामान्य घरांत शिरलं. हिंदुस्थानात या कंपनीचा व्यापार १८७५ च्या सुमारास सुरू झाला आणि पुढे कितीतरी वर्षं तो नसरवानजी मेरवानजी पटेल या पारशी गृहस्थांनी सांभाळला. सुरुवातीला खप वाढायला वेळ लागला. कारण उघड आहे, निम्मा देश न शिवलेलं वस्त्र नेसत होता. त्यामुळे मशीन आधी शिंप्यांच्या दुकानात आलं. सदरा, कोट, पोलकं, परकर यांची चाल वाढली तसतसं ते घरांकडे सरकलं.

घरात आलं ते मात्र वेगळ्याच कारणासाठी. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पुण्या-मुंबईत मुलींच्या शिक्षणावर मोठा वाद चालू होता. मुलींनी इंग्रजी, गणित शिकावं की स्वयंपाक, शिवण यातच तयार व्हावं? शिवणाला ‘बायकांचं काम’ म्हणून बाजूला ठेवायला दोन्हीकडचे लोक तयार होते. पण ज्या बाईचा नवरा गेला आहे आणि माहेरी-सासरी कुणी विचारत नाही, तिच्यासाठी प्रश्न पोटाचा होता. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू केलं आणि पुढे केडगावच्या मुक्ती सदनात बायकांना छपाई, विणकाम, शिवण अशी हातची कामं शिकवली. १९०९ मध्ये पुण्यात रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनी सेवासदन उभं केलं. तिथे अक्षरओळख आणि नर्सिंगच्या बरोबरीनं शिवणाचे वर्ग चालले. तिथे शिकलेल्या बाईला स्वतःचं पोट भरण्याचा एक मार्ग मिळाला. घराबाहेर नोकरीला जायची परवानगी नसली, तरी घराच्या आत बसून चार पैसे मिळवता येऊ लागले. घरातलं मशीन अनेक बायकांची पहिली स्वतःची मिळकत ठरलं, ते यामुळे.

यंत्रांवर टीका करणारे गांधीजीसुद्धा शिलाई मशीनला अपवाद मानत. १९२४ मध्ये त्यांनी तसं स्पष्ट सांगितलं. माणसाचं काम हिरावून न घेता त्याचे कष्ट हलके करणारं यंत्र त्यांना चालत होतं. तोवर मशीन परदेशीच होतं. १९३० नंतरच्या दशकात कलकत्त्याच्या जय इंजिनीअरिंग वर्क्सनं ‘उषा’ मशीन बनवायला घेतलं आणि स्वातंत्र्यानंतर ते नाव घराघरांत पोचलं. लुधियानाही या मशीनचं आणि सुट्या भागांचं मोठं केंद्र झालं. त्याआधी दुसऱ्या महायुद्धात कापडाची टंचाई झाली. १९४३ मध्ये सरकारनं सूत आणि कापडावर नियंत्रण आणलं. त्या काळात वडिलांच्या जुन्या धोतराचं परकर होणं, शर्टाची कॉलर उसवून उलटी लावणं हे घरोघरी चालायचं.

पुढे चाळींत आणि मग ब्लॉकमध्ये ‘शिवण क्लास’ आले. मुलगी दाखवताना “शिवण-टिपण येतं ना?” हा प्रश्न ठरलेला. या प्रश्नाचा जाचही होता हे मान्य करायला हवं, कारण मुलाला “बटण लावता येतं का?” असं कुणी विचारलं नाही. मुलांच्या वाट्याला दुसरी दुरुस्ती यायची. फ्यूजची तार बदलणं, सायकलचं पंक्चर काढणं, स्टोव्हला पिन मारणं, नळाचा वायसर बदलणं. दोघांना दोन्ही यायला काही हरकत नव्हती, पण तसं घडलं नाही.

मशीनची खरी किंमत संकटात कळली. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईचा गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगारांच्या घरचा पगार थांबला आणि अनेकांच्या बाबतीत तो पुन्हा सुरू झालाच नाही. ज्या शहरात १८५४ मध्ये पहिली कापड गिरणी उभी राहिली, तिथे गिरणगावातल्या बायकांनी खानावळी चालवल्या, पोळ्या लाटल्या आणि घरच्या मशीनवर ब्लाउज, परकर, मुलांचे गणवेश शिवून चूल पेटती ठेवली. गिरण्या बंद पडल्या, पण घरातल्या दहा बाय दहाच्या खोलीत कापडाचं काम चालूच राहिलं. आजही सरकार गरजू बायकांना शिलाई मशीन देतं, आणि २०२३ च्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेतल्या अठरा धंद्यांत शिंप्याचा धंदा आहे.

मग आपल्या पंचवीस वर्षांत काय झालं? तयार कपडे स्वस्त झाले. २००५ च्या सुरुवातीला कापडाच्या जागतिक व्यापारावरची जुनी कोटा पद्धत संपली. मॉल आले, मग घरबसल्या खरेदी आली. शंभर रुपयांच्या टी-शर्टला रफू करायला ऐंशी रुपये कोण देणार? हिशेब बरोबरच आहे. पण त्या हिशेबात एक गोष्ट धरली जात नाही. शिवण पुस्तकात वाचून पूर्ण येत नाही, कुणीतरी शेजारी बसून हात धरून शिकवावं लागतं. एक पिढी मध्ये सुटली की ती साखळी तुटते.

२०२० च्या एप्रिलमध्ये हे सगळ्यांना दिसलं. मास्क मिळत नव्हते, सरकारनंच घरी मास्क करायची माहितीपुस्तिका काढली आणि ८ एप्रिलला मुंबई महापालिकेनं बाहेर पडताना मास्क सक्तीचा केला. त्या दिवसांत घरोघरी माळ्यावरची मशीन खाली आली. जुन्या सुती ओढण्यांचे, धोतरांचे मास्क झाले. इलास्टिक संपलं तेव्हा परकराच्या नाड्या लागल्या. बचत गटांनी तर लाखांनी मास्क शिवले. ज्या घरात मशीन होतं पण चालवणारं कुणी नव्हतं, तिथे शेजारच्या आजींना हाक गेली.

आपल्या सोसायटीतल्या त्या आजी आता सत्तरीच्या पुढे आहेत. म्हणून रौप्यमहोत्सवाच्या निमित्तानं एक सूचना. महिन्यातला एक रविवार, सकाळी दोन तास, आपल्या हॉलमध्ये दुरुस्तीचा ठेवावा. ज्यांना येतं त्यांनी शिकवावं, ज्यांना येत नाही त्यांनी फाटकं घेऊन यावं. मुलगे, जावई, आजोबा सगळ्यांनी. पहिल्या दिवशी बटण, हेम आणि उसवलेली शिवण एवढंच पुरे. पुढच्या वेळी रफू. आतल्या दुमडीतून त्याच कापडाचे धागे काढायचे, आधी उभे धागे ताणायचे, मग त्यांतून एकाआड एक आडवे विणत जायचे. दोन महिन्यांत कुणाचंही हात बसेल. त्यानंतर प्लगची वायर आणि नळाचा वायसरही घ्यायला हरकत नाही, त्यासाठी आपल्याकडे निवृत्त मंडळी पुष्कळ आहेत.

मशीन वर्षानुवर्षं बंद असेल तर आधी धूळ झटकावी, शटलच्या खाचेतला कापडाचा चुरा काढावा, तेलाच्या भोकांत एकेक थेंब मशीनचं तेल सोडावं, खोबरेल किंवा गोडेतेल चुकूनही नको. मग दोरा न ओवता चाक थोडं फिरवावं आणि सुई नवीन लावावी. साध्या सुती कापडाला १४ नंबरची, तलम कापडाला ११ ची, जीन्सला १६ ची. पट्टा सैल झाला असेल तर तो बदलून मिळतो. एवढं केलं की जुन्यातलं जुनं मशीनसुद्धा सहसा चालू होतं. ज्यांना मशीन खाली उतरवायला मदत लागेल त्यांनी ऑफिसमध्ये नाव द्यावं, तरुण मंडळी येतील.