लेखक आला, मुलं जमली, फोटोही निघाले. पण पुस्तकाच्या दुकानाला त्यातून काय मिळतं?

असा एखादा रील तुमच्या फीडमध्ये कधी ना कधी आला असेल. छोटंसं पुस्तकाचं दुकान, खाली सतरंजीवर पंधरा-वीस पोरं मांडी घालून बसलेली, समोर लेखिका पुस्तक उघडून गोष्ट सांगतेय आणि एक पोरगं मध्येच उठून चित्राला हात लावतंय. शेवटी सहीसाठी रांग. खाली कमेंट्समध्ये ‘किती गोड’ आणि ‘आपल्याकडे असं का होत नाही’.

प्रवेश फुकट, गोष्ट फुकट, बिस्किटंही बहुतेक फुकट. मग हे परवडतं कुणाला?

आधी एक सांगायला हवं. इंडिपेंडंट बुकस्टोअर म्हणजे कुठल्याही साखळीचं नसलेलं, मालक स्वतः गल्ल्यावर बसतो असं दुकान. अमेरिका आणि ब्रिटनमध्ये या दुकानांनी बाललेखकांचे कार्यक्रम करण्याची एक पद्धतच बसवली आहे. मोठी साखळी दुकानं आणि त्यानंतर ऑनलाइन विक्री आली, तेव्हा किमतीत त्यांच्याशी टक्कर देणं शक्य नव्हतं. लेखकाला मुलांसमोर आणून बसवणं मात्र शक्य होतं. न्यूयॉर्कमधलं ‘बुक्स ऑफ वंडर’ हे मुलांच्या पुस्तकांचं दुकान १९८० पासून हेच करत आलंय. ‘डायरी ऑफ अ विम्पी किड’वाला जेफ किनी तर इतका पुढे गेला की २०१५ मध्ये त्याने मॅसॅच्युसेट्समधल्या प्लेनव्हिल या छोट्या गावात ‘अ‍ॅन अनलाइकली स्टोरी’ नावाचं स्वतःचं दुकानच उघडलं.

पण आपल्या पोस्टरमध्ये जे दिसतं, त्याच्या कित्येक महिने आधी काम सुरू झालेलं असतं. अमेरिकेतल्या मोठ्या प्रकाशन संस्था नव्या पुस्तकासोबत लेखकाचा दौरा ठरवतात. त्या दौऱ्यात आपलं दुकान यावं म्हणून दुकानदार अर्ज करतो, आणि तो अर्ज नोकरीच्या अर्जासारखाच असतो. याआधी कोणाचे कार्यक्रम केले, किती लोक आले, किती प्रती विकल्या, कोणत्या शाळांशी ओळख आहे, जाहिरात कशी करणार, हे सगळं लिहून द्यायचं. प्रकाशक ते बघून शहर आणि दुकान निवडतो. कारण प्रवास आणि हॉटेलचा खर्च तो करणार असतो, आणि पहिल्या आठवड्यातली विक्री बेस्टसेलर यादीसाठी त्याला हवी असते.

वेळ ठरवण्यातही शास्त्र आहे. दोन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी शनिवारी सकाळी दहा-अकरा, कारण दुपारी ती झोपतात आणि न झोपलेलं पोर पुस्तकांच्या दुकानात काय करू शकतं ते सांगायला नको. वाचन वीस-पंचवीस मिनिटं, त्याहून जास्त नाही. आठ ते बारा वयोगटासाठी शाळा सुटल्यानंतरची वेळ, आणि तिथे वाचनापेक्षा प्रश्नोत्तरं महत्त्वाची. प्रश्न कसले, तर तुमच्याकडे कुत्रा आहे का, तुमचं वय किती, तुम्हाला पैसे किती मिळतात. चित्रकार आला असेल तर मोठ्या कागदावर समोरच चित्र काढून दाखवतो.

कधीकधी पुस्तकातलं पात्रच दुकानात येतं. भल्यामोठ्या पोशाखाच्या आत दुकानाचाच एखादा कर्मचारी असतो. हे पोशाख भाड्याने किंवा प्रकाशकाकडून मिळतात आणि कुरिअरने या दुकानातून त्या दुकानात फिरतात. नियम ठरलेले आहेत. पात्राने बोलायचं नाही, मुलांसमोर डोकं काढायचं नाही, आणि सोबत एक माणूस कायम हवा, कारण आतल्याला नीट दिसत नाही.

सहीच्या रांगेत आणखी एक माणूस फिरताना दिसेल. तो चिकटपट्टीच्या छोट्या कागदांवर मुलांची नावं लिहून ते पुस्तकाला लावत जातो. लेखकाने प्रत्येकाला स्पेलिंग विचारलं तर रांग संपणारच नाही, शिवाय चुकीचं नाव पडलं तर ती प्रत वाया जाते. आपल्याकडे तर हे आणखी गरजेचं. ऋचा की रुचा, यावरून घरातच भांडणं होतात.

आता पैशांकडे येऊ. समजा, अमेरिकेत एका चित्रपुस्तकाची किंमत १९ डॉलर आहे. दुकानाला प्रकाशकाकडून साधारण ४० ते ४६ टक्के सूट मिळते, म्हणजे एका प्रतीमागे फार तर पावणेनऊ डॉलर. कार्यक्रमाला ३० प्रती खपल्या तर २६० डॉलरच्या आसपास हातात. त्यातून दोन कर्मचाऱ्यांचे चार-चार तास, खाऊ, पोस्टर, खुर्च्या, जागेचं भाडं आणि न खपलेल्या प्रती परत पाठवण्याचा खर्च. काही उरलं तर नशीब. लेखकाचं गणित तर याहून बारीक. चित्रपुस्तकावर साधारण १० टक्के रॉयल्टी मिळते आणि तीही लेखक आणि चित्रकारात वाटली जाते. म्हणजे त्या ३० प्रतींचे लेखकाला मिळतात २८-२९ डॉलर.

आणि हे सगळं ३० प्रती खपल्या तर. पावसाचा दिवस निघाला, शेजारच्या शाळेत स्नेहसंमेलन निघालं, तर समोर चारच मुलं असतात. लेखकाला तरीही तितक्याच उत्साहाने वाचावं लागतं.

गर्दी म्हणजे विक्री नव्हे, हे दुकानदारांना पक्कं माहीत असतं. १९९८ च्या ‘यूव्ह गॉट मेल’ सिनेमात मेग रायनचं मुलांच्या पुस्तकांचं दुकान आहे. तिथे ती मुलांना गोष्ट वाचून दाखवते, सगळ्यांचा तिच्यावर जीव असतो. शेजारी मोठं साखळी दुकान येतं आणि तिचं दुकान तरीही बंद पडतं. प्रेमकथा म्हणून आपण तो सिनेमा बघतो, पण पुस्तकवाल्यांना तो वेगळ्याच कारणाने लक्षात राहतो.

खरं उदाहरण हवं असेल तर हॅरी पॉटर. २१ जुलै २००७ ला शेवटचा भाग आला. मध्यरात्री दुकानं उघडी, पोरं चष्मे आणि झगे घालून रांगेत. ब्रिटनमध्ये पुस्तकाची छापील किंमत होती १७.९९ पौंड. अ‍ॅस्डा या सुपरमार्केटने ते ५ पौंडांना विकलं. छोट्या दुकानाची खरेदीच त्याहून महाग होती! मेजवानी दुकानाने द्यायची आणि पुस्तक भाजीसोबत सुपरमार्केटमधून घ्यायचं, असा प्रकार. १९९० च्या दशकापर्यंत ब्रिटनमध्ये छापील किमतीखाली पुस्तक न विकण्याचा करार होता, तो १९९५ मध्ये मोडला. फ्रान्सने मात्र १९८१ मध्ये कायदा करून नव्या पुस्तकावर ५ टक्क्यांपेक्षा जास्त सूट देण्याला बंदी घातली.

म्हणूनच आता नामवंत लेखकाच्या कार्यक्रमाला तिकीट असतं आणि तिकिटातच पुस्तक धरलेलं असतं. काही दुकानं सांगतात, घरून आणलेल्या जुन्या पुस्तकावर सही मिळेल, पण आज इथून एक घेतलं असेल तर. काहींना हे कंजूषपणाचं वाटतं. वरचा हिशेब बघितला तर तसं म्हणवत नाही.

पण यात एक खरी अडचण आहे, ती मुलांची. लेखक गावात आला की दुकान त्याला सकाळी शाळांमध्येही नेतं. दोन-तीन आठवडे आधी घरी फॉर्म जातो, पालकांनी पैसे भरले की त्या मुलाच्या नावाची सही केलेली प्रत मिळते. ज्याच्या घरून पैसे आले नाहीत ते मूल त्याच हॉलमध्ये, तीच गोष्ट ऐकून, रिकाम्या हाताने वर्गात परत जातं. शेजारचा मात्र पुस्तक मिरवत असतो. बिचाऱ्या लेखकालाही समोरून ते दिसतं. यावर काही दुकानं फॉर्ममध्येच ‘आणखी एक प्रत दुसऱ्या मुलासाठी’ असा रकाना ठेवतात. कुठे शाळेची पालक संघटना पैसे घालते. ब्रिटनमध्ये जागतिक पुस्तक दिनाला शाळांतून १ पौंडाचं टोकन वाटतात. ते दिलं की ठरावीक पुस्तकांतलं एक पुस्तक फुकट मिळतं, आणि त्या टोकनाचा भार पुस्तक विक्रेते उचलतात. म्हणजे ज्यांचं स्वतःचं कसंबसं चाललंय, तेच.

भारतात अशी दुकानं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. दिल्लीत स्वाती रॉय आणि एम. वेंकटेश यांनी २००३ मध्ये ‘युरेका’ हे मुलांच्या पुस्तकांचं दुकान काढलं. तिथे लेखकांना बोलवता बोलवता कल्पना वाढली आणि २००८ मध्ये ‘बुकारू’ हा मुलांचा साहित्य महोत्सव उभा राहिला. तो पुढे पुण्यातही आला. मुंबईत प्रभादेवीला ‘कहानी ट्री’ आहे.

मराठीत अडचण वेगळीच. आपल्याकडे लेखक आणि वाचक भेटतात ते प्रकाशन सोहळ्यात. व्यासपीठ, शाल-श्रीफळ, अध्यक्षीय भाषण आणि तिसऱ्या रांगेत पेंगलेली पोरं. बालसाहित्याच्या कार्यक्रमालाही हाच साचा वापरतात, याचं नवल वाटतं. सतरंजीवरचा कार्यक्रम करायचा म्हटलं तर पुस्तकं स्वस्त, त्यामुळे सुटणारा पैसाही कमी. समजा, १०० रुपयांच्या पुस्तकावर दुकानाला ३५ रुपये सुटले आणि ३० प्रती गेल्या, तर १,०५० रुपये. त्यात बिस्किटं, एका माणसाची दिवसाची मजुरी आणि लेखकाचं रिक्षाभाडं बसवून दाखवा. किंमत कमी ठेवली म्हणून पुस्तक घराघरात जातं हेही खरं, त्यामुळे नुसती किंमत वाढवा असं म्हणणं सोपं नाही.

अशा एखाद्या कार्यक्रमाला जाणार असाल तर आधी फोन करून येतोय म्हणून कळवा, कारण त्या आकड्यावरून प्रती मागवल्या जातात. पुस्तक घ्यायचं असेल तर तिथेच घ्या. फोटो काढून घरी जाऊन ऑनलाइन मागवणारे किती असतात ते दुकानदार बोलत नाही, पण त्याला कळतं. बजेट नसेल तर नुसतं ऐकायला जा, कोणी हाकलत नाही. लेट झालात तरी हरकत नाही. निघण्यापूर्वी लेखक उरलेल्या प्रतींवरही सह्या करून जातो आणि त्या पुढचे काही आठवडे दर्शनी कपाटात ठेवलेल्या असतात. फक्त त्यांच्यावर कोणाचं नाव नसतं.