सांताक्रूझमार्गे नाशिक

८ जून १९७३, शुक्रवार. सांताक्रूझ विमानतळाच्या गॅलरीत तुम्ही कठड्याला रेलून उभे आहात. पाऊस अजून यायचाय, अंगाला नुसती चिकचिक. कुणी विचारलंच तर तुम्ही पुण्याहून आलेले भाचे. मोबाइल खिशातच राहू द्या, आणि मामी तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा पुढे करेल तेव्हा नको म्हणू नका. आधीच तिचं डोकं तापलंय.

तापणारच. शाळा उघडायच्या आत चार दिवस नाशिकला जायचं ठरलं. गिरगावातून सरळ बोरीबंदर गाठायचं, तर होल्डॉल, ट्रंक, फिरकीचा तांब्या आणि दोन पोरं घेऊन मामांनी वरात आणली इथे. "विमानात बसायचंय का आपल्याला?" हे ती चर्नीरोडपासून विचारतेय.

मामांचं लक्षच नाही. जिन्यावरून हात हलवणाऱ्या प्रवाशांत त्यांना काडीचा रस नाही. ते बघतायत विमानाच्या पोटाकडे. तिथे ट्रॉलीवरून कॅनव्हासच्या पिशव्या आत सरकतायत. "टपाल चढतंय बघ," ते तुमच्या कानाशी म्हणतात, देवळात बोलावं तसं.

बरोबर २५ वर्षांपूर्वी, ८ जून १९४८ ला, एअर इंडियाची 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून कैरो, जिनिव्हा करत लंडनला निघाली. त्या सेवेसाठी टपाल खात्याने १२ आण्यांचं तिकीट काढलं होतं, त्यावर कॉन्स्टेलेशन विमान. आज रौप्यमहोत्सवाचं तिकीट निघालंय, १ रुपया ४५ पैशांचं. मामा सकाळीच जीपीओच्या रांगेत उभे राहून आले.

जाड पुस्तकाच्या पानांतून ते एक पाकीट काढतात. बोटं फक्त कडांना. हाताचा घाम लागला तर संपलंच. तिकीट उजव्या कोपऱ्यात काटकोनात बसलंय, सगळे दाते शाबूत. शिक्क्याची काळी कमान तिकिटाच्या खालच्या कोपऱ्याला जेमतेम शिवलीय, चित्राला धक्का नाही. शिक्का मारणाऱ्याला "जरा हलक्या हाताने, साहेब" म्हणत मामांनी किती आर्जवं केली असतील, ते या कमानीवरून कळतं. बँकेत वरिष्ठांपुढेही ते इतके वाकत नसावेत.

एवढ्यात पोरं ओरडतात, "जंबो!" खिडक्यांभोवती लाल झरोके रंगवलेलं बोइंग ७४७ संथपणे वळतं. नाव, एम्परर अशोक. गॅलरीत टाळ्या पडतात आणि तुमच्या पोटात गोळा येतो. १९७८ च्या १ जानेवारीला हेच विमान उड्डाणानंतर काही वेळातच वांद्र्यासमोरच्या समुद्रात पडणार आहे, २१३ माणसांसह. गप्प राहा. इथे कोण विश्वास ठेवणार?

मामा मात्र भलत्याच अपघाताबद्दल बोलतायत. जानेवारी १९६६, 'कांचनजंगा' विमान, माँ ब्लाँ पर्वत. होमी भाभा गेले ते. "टपालही होतं त्यात," ते हळहळतात. २०१२ मध्ये तिथल्या हिमनदीतून भारत सरकारच्या टपालाची एक पिशवी वर येणार आहे. काही सांगायचंच झालं, तर मला वाटतं, मामांना हे सांगावं. अख्ख्या गॅलरीत हा एकच माणूस त्यावर चटकन विश्वास ठेवेल.

निघताना ते दुसरं पाकीट टपालपेटीत टाकतात, लंडनच्या एका संग्राहकमित्राच्या नावाने. आत स्वतःचा पत्ता लिहिलेलं आणखी एक पाकीट, तो ते उलटटपाली धाडेल. मामा आजवर विमानात बसलेले नाहीत. त्यांचा पत्ता मात्र लंडनला जाऊन येणार.

मग दादर, पूल ओलांडून मध्य रेल्वे, धक्काबुक्की. कसाऱ्याला घाट चढवायला मागून बँकर इंजिनं लागतात, इगतपुरीला वडे. पोरं झोपतात.

नाशिकरोडला उतरल्यावर मामीला टांगा हवाय, थेट पंचवटीचा. मामा म्हणतात, "पाचच मिनिटं." पाच मिनिटांत तुम्ही सगळे इंडिया सिक्युरिटी प्रेसच्या भिंतीसमोर. विसाच्या दशकात तिकिटांची छपाई लंडनच्या डी ला रू कंपनीकडून इथे आली, आणि १९२९ ची भारताची पहिली खास हवाई टपालाची तिकिटंही इथलीच. आत जायची सोय नाही. दिसतं ते फाटक, भिंत आणि मिशीवाला पहारेकरी.

"काय पाहिजे?" तो दरडावतो.

"काही नाही, बघतोय," मामा म्हणतात, आणि खरोखरच बघत राहतात. कोणत्या खिडकीआड कोणतं यंत्र असेल याचा अंदाज ते तुम्हाला सांगतात. तुम्ही मान डोलवा. पहारेकरी आता तुमच्या होल्डॉलकडे संशयाने बघतोय.

मामी टांगेवाल्याशी भाडं ठरवून मोकळी. "झालं का दर्शन तुमचं?" ती टांग्यातूनच हाक मारते. "आता काळारामाकडे चला. तिथे आत सोडतात."