थांबलेल्या फटफटीचा वारा

चुलीला जाळ हवा आणि एंजिनालाही जाळच हवा. परंतु चूल पेटवितात ती भांडें तापावें म्हणून, आणि एंजिन मात्र फार तापूं नये म्हणून मनुष्य शंभरांहून अधिक वर्षें खटपट करीत आला आहे. फटफटीच्या सिलिंडरांत पेट्रोलची वाफ पेटते, त्या क्षणीं आंतील वायूचें उष्णतामान दोन हजार अंशांच्या वर जातें. दट्ट्या ज्या ॲल्युमिनिअमचा घडवितात, तें तर ६६० अंशांसच वितळतें. पेट्रोलांतून निघणाऱ्या उष्णतेपैकीं सुमारें एक-तृतीयांश किंवा त्याहूनही कमी कामीं लागते. उरलेली कांहीं धुरावाटे जाते व कांहीं धातूंत मुरते. ही मुरलेली उष्णता बाहेर काढली नाहीं, तर तेल पातळ होतें, दट्ट्या फुगतो आणि सिलिंडरांत रुतून बसतो. धांवत्या गाडीचें चाक असें एकाएकीं जखडलें, तर स्वाराच्या जिवावर बेततें.

या दाहाचा अनुभव अगदीं आरंभींच आला. १८८५ सालीं जर्मनींतील कानश्टाट येथें गोटलीब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख यांनीं लांकडी सांगाड्यावर २६४ घन सेंटिमीटरचें एंजिन बसवून एक दुचाकी सिद्ध केली. पेट्रोलची वाफ पेटविणारी तप्त नळी नेमकी बैठकीखालीं होती, आणि पहिल्याच फेरींत बैठकीनें पेट घेतला असें सांगतात! पुढें १८९४ सालीं म्यूनिक येथें हिल्डेब्रांट आणि वोल्फम्यूलर यांची गाडी विक्रीस आली. तिचें एंजिन १,४८९ घन सेंटिमीटरचें, म्हणजे त्या काळच्या मानानें अवाढव्य होतें. तें निवविण्यासाठीं पाणी घेतलें खरें, पण तें सांठवावयाचें कोठें? त्या कारागिरांनीं मागील चाकावरचा चिखलपंखाच पोकळ करून त्यांत पाणी भरलें.

पाण्यानें एंजिन निवविण्याचें तत्त्व आपल्याकडील जुन्या तांब्याच्या बंबावरून चटकन् ध्यानीं येतें. बंबांत मधल्या नळींत विस्तव आणि भोंवतीं पाणी असतें. तापलेलें पाणी हलकें होऊन वर चढतें व थंड पाणी खालीं उतरतें. यॉर्कशायरमधील आल्फ्रेड अँगस स्कॉट यानें १९०८ च्या सुमारास हीच युक्ति आपल्या दुचाकीस लाविली. पाणी पंपावांचून आपोआप एंजिनांतून रेडिएटरमध्यें चढे आणि तेथें निवून परत येई. त्याच्या गाड्यांनीं आइल ऑफ मॅन बेटावरील सीनियर शर्यत १९१२ आणि १९१३ अशी लागोपाठ दोन वर्षें जिंकली.

तरीही पुढें बहुतेक कारखानदारांनीं पाण्याचा नाद सोडला. सिलिंडरवर पातळ कंगोरे ओतले, कीं हवेस स्पर्श करणारा पृष्ठभाग अनेक पटींनीं वाढतो, आणि धांवत्या गाडीस वारा फुकट मिळतो. पाणी नाहीं, नळ्या नाहींत, गळतीही नाहीं. १९५५ पासून मद्रासेस तयार होऊं लागलेली बुलेट याच वाऱ्याच्या भरंवशावर अनेक दशकें धांवली.

परंतु या व्यवस्थेंत एक मोठी उणीव होती. वारा मिळतो तो गाडी चालतांना. ती थांबली कीं वारा थांबतो, एंजिन मात्र जळतच राहतें. या अडचणीवरचा उपाय मोटारीच्या बाजूनें आला, आणि तो शोधणारा पुन्हां तोच मायबाख होता. १९०० सालीं त्यानें मर्सिडीझ गाडीसाठीं आठ हजारांवर बारीक नळ्यांचा, मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर रचला आणि त्याच्या मागें एक छोटा पंखा ठेविला. गाडी मंद चालली, तरी हवा ओढली जाऊं लागली. ज्याच्या पहिल्या दुचाकीची बैठक पेटली, त्यानेंच पुढें हा उपाय योजावा, हा योगायोग मोठा मौजेचा आहे.

दुचाकींत पंखा प्रथम सर्रास दिसला तो स्कूटरींत. १९४६ च्या व्हेस्पाचें एंजिन पत्र्याच्या आवरणाआड असल्यानें त्यास उघडा वारा मिळेना. म्हणून फिरत्या जडचक्रालाच पातीं बसविलीं. १९७२ पासून पुण्याजवळ आकुर्डीस बनलेल्या चेतक स्कूटरींतही हीच योजना होती. १९७१ सालीं जपानच्या सुझुकीनें जीटी ७५० ही पाण्यानें थंड होणारी मोठी गाडी काढली. तिच्या आरंभींच्या नमुन्यांत रेडिएटरला विजेचा पंखा होता. इंग्रजांनीं तिला ‘किटली’ म्हटलें आणि अमेरिकनांनीं ‘पाणम्हैस’! १९७५ च्या होंडा गोल्ड विंगनें ही पद्धति दूरच्या प्रवासाच्या गाड्यांत रुजविली. धूर कमी करावा, आवाज कमी व्हावा, लहान एंजिनांतून अधिक शक्ति काढावी, या गरजा वाढल्या तसें पाणी अपरिहार्य झालें. कारण त्यायोगें एंजिनाचें उष्णतामान एका ठराविक मर्यादेंत राखतां येतें. भारतांत यामाहाची आर १५ ही गाडी २००८ सालीं आली, चाकण येथें बनलेली २०० ड्यूक २०१२ सालीं आली, आणि वाऱ्यावर पोसलेल्या रॉयल एन्फील्डनेंही २०२३ सालीं हिमालयन ४५० साठीं पाण्याची कांस धरली.

आतां या गाड्यांचा खरा कस घाटापेक्षां शहराच्या चौकांत लागतो. मोकळ्या रस्त्यावर पंखा बिघडलेला असला तरी उमगत नाहीं. लाल दिव्यापाशीं तो बिघाड उघडा पडतो. म्हणून अधूनमधून पंख्याची परीक्षा घ्यावी. गाडी उघड्या जागीं स्टँडवर उभी करून एंजिन चालूं ठेवावें. बंद खोलींत हा प्रयोग करूं नये, कारण धुरांत विषारी वायु असतो. थंड एंजिनावर पंखा फिरत नाहीं, तो दोष नव्हे. उष्णतामान शंभर अंशांच्या आसपास गेलें, कीं पंख्याची घरघर ऐकूं यावी, आणि पाणी निवल्यावर ती थांबावी. झांकणाच्या दाबामुळें व पाण्यांत मिसळलेल्या द्रवामुळें तें शंभर अंशांसही उकळत नाहीं. कांटा तांबड्या खुणेकडे सरकत असूनही पंखा गप्प राहिला, तर एंजिन तत्काळ बंद करावें. कारण पुष्कळदां क्षुल्लक असतें: फ्यूज जळलेला, जोड सैल झालेला, रिले अथवा उष्णतामापक बिघडलेला, किंवा पात्यांत चिखल अडकलेला. मात्र तापल्या रेडिएटरचें झांकण कधींही उघडूं नये. दाबलेलें पाणी उसळून हात-तोंड भाजतें. कांहीं गाड्यांत किल्ली काढल्यावरही पंखा फिरूं लागतो, म्हणून तेथें बोटेंही घालूं नयेत.

बैठक पेटलेल्या त्या लांकडी दुचाकीपासून येथवर येण्यास सव्वाशें वर्षांहून अधिक काळ लागला. इतक्या काळाची ही मेहनत कधीं कधीं एका जळालेल्या फ्यूजमुळें व्यर्थ ठरते. आणि ती वांचविण्यास स्वाराला चौकांत उभें असतां क्षणभर कान देऊन ती घरघर ऐकणें, एवढेंच पुरे होतें.