घरातल्या बुजुर्गांचं पडणं : हाड मोडण्याआधी काय करता येईल

फजरची वेळ. घरात अंधार. कोणाची झोप मोडू नये म्हणून अम्मी दिवा न लावता उठली, मोरीत वजू केला आणि ओल्या पायांनी बाहेर येताना घसरली. खुब्याचं हाड मोडलं. नंतर कळलं, त्याआधी ती दोनदा घसरली होती. "मुलं काळजी करतील" म्हणून बोलली नाही, आणि आम्हीही कधी विचारलं नाही.

"वय झालं की माणूस पडणारच" असं आपण म्हणतो, पण पडण्याला कारणं असतात आणि बरीचशी दूर करता येतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार लोक पडल्यामुळे दगावतात. त्यात साठीच्या पुढच्यांचं प्रमाण सगळ्यात जास्त आहे.

माणूस का पडतो?

वयानुसार पायांची ताकद आणि तोल कमी होतो. मोतीबिंदूमुळे पायरीची कड दिसत नाही. शुगर जुनी असेल तर तळपायाची जाणीव कमी होते. काहींचं बीपी झोपेतून उठल्यावर एकदम उतरतं आणि चक्कर येते. झोपेच्या गोळ्या, बीपीच्या आणि जास्त लघवी होणाऱ्या गोळ्या यांनीही तोल जाऊ शकतो. म्हणून वर्षातून एकदा तरी सगळ्या गोळ्या पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवा. आपल्या मनाने मात्र एकही गोळी बंद करू नका.

घरात काय बदलायचं?

- मोरी आणि संडासात भिंतीला पक्का दांडा बसवा. टॉवेलचा दांडा वजन पेलत नाही. शक्य असेल तर कमोड करून घ्या.
- वजूसाठी बुड रबरी असलेलं, न हलणारं स्टूल ठेवा. पाय धुवायला बसूनच बरं. बाहेर पाय पुसायला न सरकणारं पायपुसणं हवं.
- पलंगापासून संडासापर्यंत रात्रभर छोटा दिवा चालू राहू द्या. त्याचं बिल नगण्य येतं.
- सुटी सतरंजी, दुमडलेल्या कडेची जानमाज, चार्जरची वायर आणि दारातला चपलांचा ढीग वाटेतून काढा.
- घरात गुळगुळीत झालेली स्लीपर नको. टाच धरणारी चप्पल द्या.
- बुरखा, साडी, लुंगी, पायजमा जमिनीवर लोळत असेल तर दोन बोटं वर शिवून घ्या.

हाडांची तयारी

पडल्यावर हाड मोडतं की नाही, हे हाडाच्या मजबुतीवर असतं. हाडं ठिसूळ होण्याला डॉक्टर ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. पाळी गेल्यानंतर बायकांमध्ये हे वेगाने होतं. दुखत काहीच नाही, म्हणून हाड मोडेपर्यंत कळतही नाही. डेक्सा स्कॅनने घनता मोजतात. टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याखाली असेल तर हाडं ठिसूळ समजतात, आणि त्यावर औषधं आहेत. उंची कमी झाली असेल, पाठीला बाक आला असेल, किंवा साध्या पडण्याने मनगट मोडलं असेल तर ही तपासणी नक्की विचारा.

साठीनंतर रोज साधारण १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. एका मोठ्या पेल्याभर दुधातून अंदाजे ३०० मिळतं. बाकीचं दही, नाचणी, तीळ, काट्यासकट खाल्ले जाणारे छोटे मासे यांतून मिळू शकतं. डाळ, अंडी, मासे यांतलं प्रोटीनही हवं, कारण नुसत्या चहा-पावावर स्नायू टिकत नाहीत. ड जीवनसत्त्व त्वचेला ऊन लागल्यावर तयार होतं. दिवसभर घरात राहणाऱ्या किंवा अंग झाकून बाहेर पडणाऱ्या बायकांना ते कमी पडू शकतं. गच्चीत किंवा अंगणात हात-पाय उघडे ठेवून थोडा वेळ बसता येतं. कमी असेल तर डोस डॉक्टरांनाच ठरवू द्या. तंबाखू, मिश्री, बिडी हाडांच्याही दुश्मन आहेत.

रोजची दहा मिनिटं

पडण्याच्या भीतीने माणूस बसून राहिला की पाय आणखी कमजोर होतात. खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठा-बसा. ओट्याला धरून एका पायावर दहा सेकंद उभं राहा, मग दुसऱ्या पायावर. भिंतीलगत टाचेला बोट लावत चाला. सुरुवातीला जवळ कोणीतरी असू द्या. काठी किंवा वॉकर लागत असेल तर लाज कशाची?

नमाज आणि रोजा

सजद्यातून उठताना चक्कर येत असेल तर खुर्चीवर किंवा बसून नमाजची सवलत आहे. आपल्या आलिमांना विचारून घ्या. खुर्ची चाकांची किंवा हलकी प्लास्टिकची नको. रमजानच्या आधी शुगर-बीपीच्या गोळ्यांच्या वेळा डॉक्टरांकडून बदलून घ्या. सहरीला उठताना पलंगाच्या कडेला मिनिटभर बसा, मग उभे राहा.

पडलंच तर

घाईघाईने ओढून उभं करू नका. खुबा किंवा मांडी दुखतेय, पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसतोय, उभं राहवत नाही, तर हलवू नका. १०८ला फोन करा. मालिश करू नका, हाड बसवणाऱ्याकडे नेऊ नका. खुब्याचं ऑपरेशन शक्यतो एक-दोन दिवसांत झालेलं बरं. उशीर झाला की पडून राहिल्याने न्यूमोनिया, पाठीला जखमा, रक्ताच्या गुठळ्या असं मागे लागतं. डोक्याला मार लागला असेल आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर वरून ठीक दिसलं तरी दवाखान्यात न्या.

खर्चाची चिंता असते. ७० आणि त्यापुढच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर २०२४पासून आयुष्मान भारत योजनेत कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. आधारवरून कार्ड आताच काढून ठेवा.

आज इशानंतर घरातल्या मोठ्यांजवळ बसा आणि सरळ विचारा, "गेल्या वर्षात कधी घसरलात का? चक्कर येते का?" उत्तर "नाही" आलं तरी एकदा मोरीत जाऊन फरशीवर पाय घासून बघा.